नेम पायानं धरतात का?

लंगडत चालणारं माणूस दिसलं की तुमच्या मनात आधी कीवच का येते?

आज तुमच्यापुढे बोलायला या मांडवात उभा राहिलो, गॅसबत्तीच्या रॉकेलचा वास आला आणि मी मनाने जुन्नरच्या तंबूतल्या जुन्या सिनेमाला जाऊन पोचलो. पडद्यावरचा गोरा बंदूकवाला एका पायाने अधू होता. तो सगळ्या गुंडांना पुरून उरला आणि शेवटी मेला. इंग्रजी कुणालाच कळलं नव्हतं, मतं मात्र प्रत्येकाकडे होती.

"सुटला बिचारा," आमच्या गावचे सरपंच आबा तंबूबाहेर म्हणाले. "लंगड्यानं जगून काय करायचं व्हतं?"

माझी थोरली बहीण, शांताक्का, कुबडी टेकून शेजारीच उभी होती. गावाच्या नव्या बालवाडीत तिला शिकवायला घ्यायचं की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. तरी ती बोललीच.

"त्यानं नेम पायानं धरला व्हता का, आबा? मी बी पायानं शिकवणार न्हाई."

माणसं हसली. आबा तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "लई बोलतीस. सोमवारी ये बालवाडीत."

तेव्हा तिच्या बोलण्याची मला भीती वाटली होती. आज अभिमान वाटतो. तुमच्या दारी अशी कुणी आली, तर तिच्या हाती खडू द्या आणि मागे बसून ऐका.