डाव्या गाठीचा टहाळा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे. बारावी सायन्स आहे हो मी! तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाताना आत एक पाणथळ राखीव जागा आहे. पक्षी बघायला लोक येतात. पायवाट जेमतेम वीस मिनिटांची, मी तिथली गाईड. वाट सोपी, पण कडेला चिखल इतका खोल की म्हैस गिळेल. वरून गवत दिसतं, पाय ठेवला की संपलं.

माझा बा अशा जागी टहाळा रोवायचा. कुंभ्याच्या झाडाची पानांसकट फांदी, तिला सालीची गाठ. आमच्याकडं वाटेत टहाळा दिसला की माणूस थांबतो. बा म्हणायचा, "टहाळा म्हंजे उभा माणूस. तो नको म्हनतो ना, मंग नाय जायचा."

पायवाटेचं उद्घाटन ठरलं. वनखात्याचे साहेब म्हणाले, "हा कचरा काढ, फोटोत घाण दिसतं. आपण बोर्ड लावू." मी माझ्या हातांनी अकराच्या अकरा टहाळे उपटले. बोर्ड अजून यायचेत...

बाला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — शिव्या बसतील म्हणून सांगितलं नाही. त्याला मोतीबिंदू होता, हिरवा टहाळा तेवढा कळायचा, त्याच्या अंदाजानं चालायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी खेकडी धरायला गेला. दुपारी सापडला, छातीपर्यंत चिखलात. साहेब भेटायला आले, म्हणाले, "वयच झालं होतं." वय! मी मान डोलावली. नोकरी हवी होती ना.

दिवस घालून कामावर आले. पहिलाच ग्रुप, ठाण्याची आठ माणसं, सकाळचे दहा, लख्ख ऊन. निम्म्या वाटेवर पुढचा माणूस ओरडला, "ताई, इथं कचरा पडलाय!"

पडला नव्हता, उभा होता. वाटेच्या मधोमध टहाळा. पानं ताजी, साल नुकती सोललेली. कुंभा इथं नाही, वर डोंगरावर आहे. आणि ही वाट तर पक्की, आदल्या संध्याकाळी मीच चालून गेलेली! त्या माणसानं पुढं काठी टेकवली... सगळी आत गेली. मुठीसकट.

मी गाठीला हात लावला. उलटी होती. बा डावरा होता. त्याची गाठ मला लहानपणापासून कधी सुटली नाही. तेव्हाही सुटली नाही.

पाड्यात घरोघर विचारलं. कोणी रोवला नव्हता. म्हाताऱ्या चुलत्याला मोबाइलवर गाठीचा फोटो दाखवला. "तुझ्या बा बिगर अशी गाठ कोन मारल?" म्हणाला आणि आत गेला.

साहेबांनी फोटो पाहिला. "परत कचरा? काढून टाक."

"तुम्हीच काढा साहेब," मी म्हणाले. "मी एकदा काढलेत."

त्यांनी हात लावला नाही. दीड महिना झाला, पान सुकलेलं नाही. का, कसं, मला विचारू नका, मला माहीत नाही. परक्या आठ माणसांना बानं थांबवलं. त्याला थांबवायला अकरा जण उभे होते... ते मी उपटले.