पंचेचाळीस चिंचोके

"बोल बाबा. खरं बोल."

मीटरच्या काचेवर करंगळीच्या नखाने दोनदा टकटक करायची, मान थोडी तिरकी करायची आणि हे म्हणायचं. मग काट्याकडे असं रोखून बघायचं की बिचाऱ्याला कबुली देण्यावाचून गत्यंतर उरू नये. नागापूरच्या एमआयडीसीत, एका वजनकाट्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये हे गृहस्थ बसायचे. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, कुठल्याही गाडीचं मीटर बिघडलं की लोक त्यांच्याकडे यायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणायचो. अशी माणसं तुमच्याही गावात एखाद्या शेडमध्ये असतील. आपण त्यांच्याकडे आपली वस्तू नीट करायला जातो आणि येताना स्वतःलाच थोडं ठोकून-ठाकून घेऊन येतो.

माझं त्यांच्याकडे जाणं झालं ते माझ्या मूर्खपणामुळे. तो मूर्खपणा लाल रंगाचा होता, दोन सीटचा होता आणि त्याचं छप्पर कापडाचं होतं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वय सत्तेचाळीस, गुडघे त्याहून मोठे. एका कंपनीतल्या, बदली झालेल्या साहेबांकडून मी ती जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली, तेव्हा सावेडीतल्या आमच्या सोसायटीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. मला वाटलं, गाडी बघतायत. ते मी गाडीतून बाहेर कसा येतो ते बघत होते.

सहा महिन्यांत गाडीचं मीटर मेलं. वेग नाही, पेट्रोल नाही, सगळं काळंठिक्कर. शहाण्या माणसाने ते दुरुस्तीला दिलं असतं. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. मी दिल्लीच्या भंगारातून जुनं मीटर मागवलं, मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि दोन रविवार घालवून ते स्वतः बसवलं. दिवे लागले. वेगाचा काटा हलला. मी मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारून खाली बोलावलं आणि दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता चार स्क्रू उरलेत ते कुठले?"

स्क्रूंचं काही अडलं नाही. अडलं ते पेट्रोलच्या काट्यावर. मंदाच्या चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा सोनईला होता. काटा अर्ध्यावर होता, म्हणून मी निर्धास्त निघालो. घोडेगावच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. काटा तरीही अर्ध्यावर, ऐटीत. टाकीत थेंब नव्हता. मंदा पैठणी नेसून कांद्याच्या टेम्पोत गोण्यांवर बसून साखरपुड्याला पोचली. सगळ्या पाहुण्यांनी आम्हाला उतरताना बघितलं, कारण टेम्पोवाल्याने हौसेने मांडवाच्या दारातच हॉर्न दिला.

"ह्या बयेचा काटा खरं बोलेपर्यंत मी तिच्यात पाय ठेवणार नाही," मंदाने परतताना एसटीत जाहीर केलं. आणि ती बोलली ते करते, हे मी वीस वर्षं सोसलं आहे.

म्हणून मी मामांकडे. त्यांनी टकटक केली, "बोल बाबा" झालं, मग म्हणाले, "ह्यो दुसऱ्या सालचा मीटर हाय मास्तर. टाकीत तरंगनारा फ्लोट सांगतोय येक, ह्यो ऐकतोय दुसरंच. नवराबायकोचं असतं तसं." त्यांनी मीटरच्या पाठीमागे एक बारीक स्क्रू बसवला, जो फिरवला की काटा वर-खाली सरकतो. "आता माप लावायचं. टाकी पार कोरडी पायजे. तिथं मी झिरो लावनार. आनि माझं झिरो म्हंजे झिरो. त्यात पानी न्हाई."

त्यांची माप लावायची पद्धत त्यांची स्वतःची होती. पूर्वी ते इथल्याच एका कारखान्यात मीटर तपासायचे, तो बंद पडला तशी ही शेड टाकली. दुधाचं एक लिटरचं माप, एक नरसाळं आणि चिंचोके. टाकी जितक्या लिटरची, तितके चिंचोके डाव्या खिशात. एक माप पेट्रोल टाकीत, एक चिंचोका उजव्या खिशात. टाकी काठोकाठ भरेल तेव्हा डावा खिसा रिकामा. "कारखान्यात कागुद हुता," ते म्हणायचे, "पन कागुद वाऱ्यानं जातो. चिंचोका खिशातच ऱ्हातो."

आमच्या गाडीची टाकी पंचेचाळीस लिटरची. मी गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं, अभिमानाने.

टाकी कोरडी करायची म्हणजे गाडी चालवत राहायची, ती आपण होऊन बंद पडली पाहिजे, मग ढकलत शेडपर्यंत आणायची. आता ऐका, मी काय केलं. ठरल्या दिवशी मी एमआयडीसीत गोल गोल फिरलो. गाडी बंद पडेना. पहिली पाळी सुटायची वेळ जवळ आली. कारखान्यांच्या दारांतून दोन-चारशे कामगार बाहेर पडणार आणि त्यांच्यासमोर हा टकलू मास्तर लाल गाडी ढकलणार, हे चित्र मला काही सोसवेना. वाटलं, आता असून असून किती असणार टाकीत, पेलाभर. मी वजनकाट्याच्या वळणावर किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि शेवटची पन्नास पावलं गाडी ढकलत नेली. घाम खरा होता. बाकी नाटक.

"कोरडी?" मामांनी विचारलं.

"ठणठणीत," मी म्हणालो.

त्यांनी झिरो लावलं. मग माप, चिंचोका, माप, चिंचोका. मधून मधून काचेवर टकटक आणि काट्याजवळ पेन्सिलीने खूण. बघत राहावं असं काम होतं. शेवटच्या मापाआधीच पेट्रोल तोंडाशी आलं. मामा थांबले. त्यांनी डाव्या खिशात हात घातला आणि तळहात उघडला. दोन चिंचोके उरले होते.

त्रेचाळीस.

पुन्हा मोजले. उजव्या खिशातले बाकावर ओळीने मांडले. त्रेचाळीस. मामांचा चेहरा उतरला. "पुस्तकात पंचेचाळीस हाय न्हवं?"

"हो."

"मंग दोन मापं मी वतली आनि चिंचोका टाकायचा इसरलो." ते बाकावर बसले. "दोन बार इसरलो मास्तर. कवा झालं न्हवतं."

आणि मी, जो दर वर्षी अकरावीच्या पोरांना शून्य त्रुटी शिकवतो, आधीच काही शिल्लक असेल तर पुढचं सगळं माप चुकतं हे फळ्यावर आकृती काढून सांगतो, तो मी गप्प बसलो. टाकीत पेलाभर नव्हतं, चांगलं दोन लिटर होतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. "चालायचंच मामा," एवढंच म्हणालो. चालायचंच! जीभ झडली कशी नाही माझी.

घरी मी हा किस्सा मंदाला रंगवून सांगितला, ढकलण्याचं नाटक करून दाखवलं. ती हसली नाही. "म्हणजे तुमची अब्रू झाकायला त्या माणसाला खोटं पाडलंत," ती म्हणाली. "त्यांना सांगून या. तोवर काटा खरा झाला असं मी धरत नाही."

जातो म्हणालो. आज पेपर तपासायचे, उद्या तोंडी परीक्षा. तीन आठवडे घालवले. कारणं काढण्यात मास्तरांचा हात कोणी धरत नाही.

शेवटी हॉर्नचं निमित्त काढून गेलो. माझ्या पुढे एक जीपवाला उभा होता, त्याला डिझेलचा काटा लावून हवा होता. मामा म्हणाले, "हॉर्न सांग, बल्ब सांग. काट्याचं काम बंद केलंय मी."

"का वो मामा?"

"मोजायला चुकतो आता. लोकं रानावनात अडकतील माझ्यापायी. चिंचोके नातीला खेळायला देऊन टाकले."

जीपवाला गेला. मामांनी चहा मागवला आणि आपण होऊनच सांगायला लागले. "मास्तर, घरात बी मोजत बसतो मी. चहात साखर टाकताना चमचे मोजतो. जिना चढताना पायऱ्या मोजतो. बारा भरतात बराबर. मंग त्या दिवशी काय झालं हुतं मला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघत तसं. टकटक तेवढी केली नाही.

माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. किल्ली, वळण, पन्नास पावलं, कामगारांची लाज.

त्यांनी हातातला कप बाकावर ठेवला. चहावर साय धरली. मला वाटलं आता पाना फेकून मारतात, आणि मारला असता तर बरं झालं असतं.

"तुमी ढकलत आल्ता न्हवं? मी बघितलं."

"नाटक होतं."

"आनि घाम?"

"घाम खरा होता मामा."

"तीन हप्ते," ते म्हणाले. आवाज चढला. "तीन हप्ते मी सोताला म्हातारा समजून बसलो! बायकोला म्हनलं, डोकं गेलं माझं. आन तुमी साळंत पोरं शिकीवता?" मग एकदम उठले. "जावा. गाडी कोरडी करून आना. खरी कोरडी."

त्या दिवशी गाडीने माझा पुरता सूड घेतला. ती बंद पडली ती नेमकी एका मोठ्या कारखान्याच्या दारात, पाळी सुटताना. मी ढकलायला लागलो आणि शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ सर, गाडी तुमाला चालवतीय का तुमी गाडीला?" कोणीतरी ओरडलं. माझा एक जुना विद्यार्थी निघाला त्यात. त्याने वाकून नमस्कार केला, ते सगळ्यात वाईट. मग चौघांनी हात लावला आणि वरातच शेडपर्यंत आली. मामा दारात उभे होते. गालात हसू दाबून.

चिंचोके नातीकडून परत मागवले होते. एक हरवला होता, त्याच्या जागी एक नट घेतला. "आता तुमी बी मोजा," मामा म्हणाले, "मोठ्यांदा." मी वर्गात पाढे म्हणावेत तसा मोजत राहिलो. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. पंचेचाळिसावं माप ओतलं आणि पेट्रोल बरोबर तोंडाशी येऊन थांबलं. मामांनी शेवटचा नट उजव्या खिशात टाकला आणि डावा खिसा उलटा करून बाहेर काढला. रिकामा. ते त्या उलट्या खिशानिशी तसेच उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले, "मी न्हवतो चुकलो." आणि डोळे पुसले, उघड, पेट्रोलच्या हातांनी, मग झोंबलं म्हणून शिव्या दिल्या. मला. मी त्या आनंदाने घेतल्या.

काट्याच्या झिरोपाशी त्यांनी नातीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा काटे लावायला लागले आणि मंदा पुन्हा गाडीत बसायला लागली.

या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांचं गाव सोनईजवळच. दहाव्याला आम्ही दोघं त्याच गाडीतून गेलो. परतताना काटा लाल ठिपक्याकडे सरकत होता. घोडेगावचा पंप दिसला. "पंप आला," मंदा म्हणाली. मी म्हणालो, "असू दे." तिने माझ्याकडे बघितलं आणि पाय जरा बाजूला घेतले. तिच्या पायाशी पाच लिटरचा डबा होता. तो सकाळी तिनेच भरून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

काटा ठिपक्यावर टेकला. गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. मंदाने करंगळीच्या नखाने काचेवर दोनदा टकटक केली.

"खरं बोलला हो," ती म्हणाली.

मी उतरलो आणि मागून ढकलायला लागलो. "अहो, डबा आहे की!" "असू दे. पन्नास पावलं." रस्त्यावरून टेम्पो जात होते, लोक वळून बघत होते, बघोत. मंदा सरकून स्टिअरिंगवर बसली आणि मोठ्यांदा पावलं मोजायला लागली. पन्नास झाली तसा मी धापा टाकत थांबलो.

खिडकीतून तिने मान बाहेर काढली. डोळे लाल झाले होते तिचे.

"अजून दोन राहिलीत, मास्तर," ती म्हणाली.