विचारायचं राहिलेलं एक घर

घरात माझी नणंद मीठसुद्धा भांडल्यासारखं मागते. देणगी मागायला फोन केला की मात्र तिचा आवाज बदलतो. त्यात साखर नसते आणि लाचारीही नसते. शेजाऱ्याकडे शिडी मागावी इतक्या सहज ती लाँड्रीवाल्याला सांगते, "हॉलचे सगळे पडदे धुऊन हवेत. शुक्रवारपर्यंत." आणि गप्प बसते.

तिची सगळी विद्या त्या गप्प बसण्यात आहे. पलीकडचा माणूस घसा खाकरतो, धंदा मंदा असल्याचं सांगतो, बायकोला हाक मारतो. ताई ऐकत राहते. शेवटी तो म्हणतो, "पाठवून द्या." एकदा तिचा घसा बसला म्हणून माझ्या नवऱ्याने तिच्याऐवजी फोन केला. सगळं नीट बोलला आणि शेवटी घाबरून म्हणाला, "नाही जमलं तरी चालेल हं." "बरं झालं सांगितलंत," म्हणत पलीकडच्याने फोन ठेवला. तेव्हापासून ताई त्याला फोनच्या आसपास फिरकू देत नाही.

ताईने लग्न केलं नाही. नोकरीभर ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीमागे बसली, त्यामुळे कुणी अंगावर ओरडलं तरी तिला घरच्यासारखंच वाटतं. निवृत्त झाल्यावर ती आमच्या खालच्या खोलीत राहायला आली आणि एका संस्थेचं काम तिने अंगावर घेतलं. आजारपणात लागणाऱ्या वस्तू ही संस्था वापरायला देते. वॉकर, चाकाची खुर्ची, वर-खाली होणारा पलंग. माणूस बरा झाला की वस्तू परत आणून द्यायची. बरा झाला नाही तरी घरचे आणून देतातच, आणि अशा वेळी ताई त्यांना पाणी देते, बसवते, वस्तूबद्दल काही विचारत नाही.

वर्षातून एकदा संस्थेची संध्याकाळ असते. थोडं गाणं, चहा, आणि मग लोकांनी दिलेल्या वस्तूंचा लिलाव. त्या पैशांत वर्षभर चाकं बदलतात, गाद्या नव्या होतात. कुणाकडून काय मागायचं हे ताई ठरवते. "मदत करा म्हटलं की माणूस खिशाकडे बघतो," ती म्हणते, "वस्तूचं नाव घेतलं की तो दुकानाकडे बघतो." मोडकं मात्र ती घेत नाही. एक सद्गृहस्थ व्यायामाची सायकल घेऊन आले होते. तिला एकच पेडल होतं.

"एका पायाने चालवायची का?" ताईने विचारलं.

"अहो, दानच आहे ना!"

"हो, पण लिलावात तुमचं नाव मोठ्याने घेणार मी. चालेल?"

सद्गृहस्थ सायकल घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी टेबल फॅन घेऊन आले. चालणारा.

लिलावात सगळ्यात शेवटी यायची दादाची खुर्ची. दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ, माझा मोठा दीर. बाजारात त्याचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. खुर्चीचा सांगाडा तो करायचा आणि वेताची बैठक माझ्या जाऊबाई विणायच्या. वेताच्या पट्ट्या भिजवायला त्या न्हाणीघरातली मोठी बादली अडवून ठेवायच्या आणि दादा दर वर्षी तेवढे दिवस ओरडायचा, "या घरात माणसाने आंघोळ करायची की नाही?" खुर्ची तयार झाली की हाच माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून तिच्यावर बसवायचा.

जाऊबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. शेवटचे महिने त्या संस्थेच्याच पलंगावर होत्या.

संध्याकाळची तयारी सुरू झाली तेव्हा ताई मला म्हणाली, "दादाला या वर्षी विचारायचं नाही. खुर्ची म्हटलं की त्याला वहिनी आठवणार." मलाही ते पटलं. आम्ही दोघी त्याच्यासमोर संस्थेचं नावसुद्धा काढायचं टाळू लागलो.

आणि दादा आमच्याकडे यायचा बंद झाला. रविवारी दुपारी जेवायला यायचा, तो "पोट बरं नाही" म्हणाला. पुढच्या रविवारी "गिऱ्हाईक यायचंय." नवरा वर्कशॉपवर जाऊन आला आणि म्हणाला, "धड बोलत नाही. रंधा मारत बसलाय." आमचं घर काही मोठं नाही, पण त्या टेबलाशी दादाची जागा रिकामी दिसायला लागली की जेवणं लवकर आटपायची. ताईने त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट दोनदा परत भांड्यात ओतलं. कुणीतरी जाऊन त्याला आणायला हवं होतं, पण कशावरून रागावलाय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी तो आपणहून आला. चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाला, "सगळ्या बाजाराला विचारून झालं ना तुझं?"

ताई फोनपाशी बसली होती. "बस तरी."

"बसत नाही. माझ्या भिंतीपलीकडे तो रंगवाला. 'हो ताई, दोन डबे देतो ताई,' सगळं ऐकू येतं मला. मी रोज तुझी वाट बघत दुकान बंद करायला उशीर करतो. म्हटलं, घाईत असेल. मग तू समोरच्या कुलूपवाल्यालासुद्धा विचारलंस! तो कुलूप देणार लिलावात?"

"तीन देतोय," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"मग मी मेलो का? मेली ती. मी आहे ना अजून?"

नवरा पेपर तसाच धरून उभा राहिला. ताईचा चेहरा उतरला होता. "तुला त्रास नको, म्हणून..."

"ते मला विचारून ठरवलंस?"

 ताईने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. मग, देवाशप्पथ सांगते, तिने तो फोनवरचा आवाज काढला.

"दादा, या वर्षी लिलावाला एक खुर्ची हवी आहे. वेताची."

आणि गप्प बसली.

दादाने छताकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. "बघतो," म्हणाला आणि गेला. सांगाडा त्याने केव्हाच करून ठेवला होता, हे आम्हाला नंतर रंगवाल्याकडून कळलं.

आठवड्याभराने खुर्ची आली. दादाने ती टेम्पोतून स्वतः उतरवली, आमच्या बैठकीत मधोमध ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला. लाकूड नेहमीसारखंच, हात फिरवत राहावं असं. बैठक मात्र कुठे घट्ट तर कुठे सैल.

"स्वतः विणलीत?" मी विचारलं.

"मग काय, कारागीर ठेवू?"

ताईने सगळ्या वस्तू तपासते तशी खुर्ची तपासली. आधी तळहाताने बैठक दाबली, मग बसली. कर्रर्र आवाज झाला आणि एक पट्टी तुटली.

"अरे, ते काही नाही!" नवरा घाईने म्हणाला. "वर उशी ठेवली की झालं. छान आहे, दादा. चालेल की."

"नाही चालणार," ताई उठत म्हणाली. "पट्ट्या भिजवल्या नाहीस तू. कोरड्याच विणल्यास. वहिनी अशी विणायची का?"

दादाचे कान लाल झाले. "नको असेल तर नको म्हण ना!"

"हवी आहे. ही नको. शनिवारपर्यंत वेळ आहे."

त्याने खुर्ची उचलली आणि परत टेम्पोत चढवली. टेम्पोचा आवाज लांब गेल्यावर नवरा ताईवर तुटून पडला. "तुला काळीज आहे का? बायको गेलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा विणायला बसला, आणि तू त्याला एका पेडलवाल्याच्या रांगेत उभं केलंस!"

"मग काय करू? घेऊ आणि चिठ्ठी लावू, बिचाऱ्याची खुर्ची, कृपया बसू नये?"

"आता तो पुन्हा यायचा नाही."

"येईल," ताई म्हणाली. पण रात्री तिने भाताला हात लावला नाही, आणि फोनवर चुकून रंगवाल्याकडेच पडदे मागितले.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दादाकडे गेले. दार उघडंच होतं. तो ओल्या केसांनी बाहेर आला, चिडलेला. "तांब्याने आंघोळ करतोय मी. पातेल्यातून! या वयात!"

"का? बादली कुठे गेली?"

तो पंचाने केस पुसायला लागला. हात धुवायला गेले तेव्हा पाहिलं, न्हाणीघरातली मोठी बादली वेताच्या पट्ट्यांनी भरली होती. पट्ट्या पाण्याबाहेर येऊ नयेत म्हणून वर एक वीट ठेवली होती. जाऊबाईही वीटच ठेवायच्या. मी डबा ओट्यावर ठेवला आणि घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. ताईलाही नाही. बोलले असते तर ती त्या रात्री पोटभर जेवली असती, पण दादाची मजा गेली असती.

शनिवारी गाणं सुरू झालं तरी खुर्ची नाही. ताई दाराकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होती की सगळ्यांना कळत होतं. चहाच्या वेळी दादा आला, खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन. तिच्यासमोर टेकवली. "तीनदा उसवली," एवढंच म्हणाला.

ताईने बैठक दाबली. बसली. आवाज आला नाही. पाठ टेकली, खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि बसूनच राहिली. शेवटी दादाच म्हणाला, "ऊठ आता. लोकांना विकायची आहे."

लिलावात दादा मागे भिंतीला टेकून उभा होता आणि प्रत्येक बोलीला नाक मुरडत होता. "एवढ्यात तर स्टूल येत नाही!" एकदा तर मोठ्याने म्हणाला. शेवटी खुर्ची रंगवाल्याने घेतली. दादाचं तोंड पाहण्यासारखं झालं. "झालं! आता रोज दुपारी भिंतीपलीकडे माझ्याच खुर्चीत बसून घोरणार हा."

संध्याकाळ पार पडली की दुसऱ्या दिवशी ताई देणाऱ्या एकेकाला फोन करते. तो रविवार होता. दादा आमच्याकडेच जेवायला आला होता, बाहेरच्या खोलीत पाय पसरून पडला होता. आतल्या खोलीत लाँड्रीवाला झाला, कुलूपवाला झाला. मग बाहेर दादाच्या खिशातला फोन वाजला.

"नमस्कार," आतून ताईचा आवाज आला आणि फोनमधूनही आला. "संस्थेतर्फे बोलतेय. आपण दिलेल्या खुर्चीबद्दल मनापासून आभार."

दादा उठून बसला. शर्ट सारखा केला. घसा खाकरला.

"आभार राहू द्या," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी कधी विचारणार ते आत्ताच सांगा. लाकूड आणून वाळवावं लागतं."

 मग ताई म्हणाली, "आत्ताच विचारतेय."

दादा गप्प बसला. चांगला बराच वेळ. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. हे गप्प बसणं तो तिच्याकडूनच शिकला असणार.