जिवंत माणसासाठी बैल

बिंदुमाधव हे माझ्या यजमानांचे धाकटे चुलतभाऊ, म्हणून माझे भावजी. काशीत बालाजी घाटावरच्या आमच्या घरात सात पिढ्या वेदपठण चालत आलेलं. पण त्यांनी वेदशाळा अर्ध्यावर सोडली आणि शहरापासून आठ मैलांवरच्या जमुनीपूर गावात प्राथमिक शाळेवर मास्तर झाले. ठेंगणी मूर्ती, किंचित तिरळे डोळे, खांद्यावर कायम गमछा. सणावाराला घरी आले की माझ्या सासूबाई त्यांच्या पानात पुरणपोळी वाढतील आणि वर म्हणतील, "सात पिढ्यांनी पोथी धरली, यानं कासरा धरला."

"काकू, बैलांना चढ्या आवाजात संहिता म्हणून दाखवतो की," भावजी म्हणायचे. "चुकलो तरी हसत नाहीत."

कासऱ्याची गोष्ट अशी. भावजी त्या गावात नवे होते तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थ्याची आई बाळंतपणात अडली. दोन दिवस बाई तळमळत होती. गाडी कुणाकडे मोकळी नव्हती, मळणीचे दिवस होते, सगळ्यांचे बैल खळ्यावर. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. आणि मग अर्ध्या तासात सोळा माणसं दारात उभी राहिली. कुणी बांबू आणले, कुणी सुतळी, कुणी पिवळं वस्त्र. आमच्या काशीच्या आसपासच्या प्रत्येक गावाचा हा नेम आहे: मयताला मणिकर्णिकेवर न्यायचं, आणि प्रत्येक घरानं एक खांदा द्यायचा. खळं थांबतं, लग्न थांबतं, पण खांदा चुकत नाही. आठ मैल त्यांनी तिला नेलं. भावजींनीही खांदा दिला.

परतताना त्यांनी विचारलं, "हे सोळा जण परवा कुठं होते?"

एक म्हातारा अगदी साधेपणानं म्हणाला, "परसों तो ऊ जियत रही, मास्टर."

परवा ती जिवंत होती! भावजी सांगायचे, की मला राग आला नाही. मग त्यांनी गावाकडे एवढंच मागितलं: मेलेल्याला जसा खांदा देता तसा जिवंताला बैल द्या. शाळेच्या भिंतीवर चुन्यानं सात वार लिहिले आणि प्रत्येक वाराखाली घरांची नावं. ज्याचा वार, त्यानं बोलावणं आलं की हातातलं काम टाकून बैल आणायचे. गाडी मात्र कुणा एकाची नव्हती. एक चाक अहीर टोल्यातून, म्हणजे गवळ्यांच्या वस्तीतून आलं, दुसरं चमार टोल्यातून, जू कुणाच्या मोडक्या गाडीचं. एक चाक दोन बोटं लहान होतं, त्यामुळे ती जन्मभर डावीकडे कललेलीच चालली. नियम तीनच. जो उठू शकत नाही त्याची गाडी, जात विचारायची नाही. ज्याला पाय आहेत त्यानं बाजूनं चालायचं. आणि आजाऱ्याचं तोंड झाकायचं नाही.

हा तिसरा नियम मला तेव्हा विचित्र वाटला होता. खरं सांगायचं तर सगळीच योजना मला पोरखेळ वाटली होती. मी बी.ए. झालेली, मोटारी, इस्पितळं, म्युनिसिपालिटी असल्या शब्दांत विचार करणारी. कललेल्या गाडीनं काय होणार?

मग सन छत्तीसच्या जेठात, ऐन उन्हाळ्यात, शहरात पटकीची साथ आली, आणि मी माझ्या मुलीला, शरदिनीला, घेऊन जमुनीपूरला भावजींकडे राहायला गेले. ती तेव्हा आठ वर्षांची. साथीपासून पोरीला वाचवायला नेलं आणि तिथं तिचा घसा दुखू लागला. दोन दिवस मी ऊन लागलं म्हणत बेलाचं सरबत पाजत राहिले. बुधवारी दुपारी तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. गावचे वैद्य आले, चमच्यानं जीभ दाबून आत पाहिलं आणि उठून उभे राहिले. घशात राखाडी साय धरली होती. "घटसर्प," ते म्हणाले. "माझ्या हातातलं नाही. शहरात सुई आहे. संध्याकाळ होऊ देऊ नका."

भावजी पळत गेले. बुधवार झिंगुरी कोइरीचा. तो विहिरीवर मोट चालवत होता. काकडीचा मळा पाण्यावाचून माना टाकत होता. भावजींनी लांबून हात वर केला, एवढंच. झिंगुरीनं अर्धी भरलेली मोट तशीच विहिरीत सोडली आणि बैल सोडवले. का, कुणासाठी, हे त्यानं गाडी जुंपून झाल्यावर विचारलं.

मी गाडीत चढू लागले तर भावजींनी हात आडवा धरला.

"वहिनी, तुम्हाला पाय आहेत."

"माझी मुलगी आहे ती!"

"म्हणूनच. तुमचं वजन कमी झालं की बैल धावतील. बी.ए.ला बैलांचं गणित नव्हतं वाटतं?"

मी चालले. चालले कसली, धावले. उन्हात लूचा गरम वारा अंगाला चटके देत होता, धूळ उडत होती, आणि प्रत्येक खड्ड्याला शरदिनीचा श्वास अडकत होता. तिच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून मी माझा ओला पंचा तिच्या तोंडावर पसरला. आईचा हात, नियम कुठला आठवतोय. भावजी पुढे बैलांच्या तोंडाशी होते, त्यांना दिसलं नाही.

शहराच्या वेशीवरच्या भाजीमंडईच्या चौकात आलो आणि गर्दी एकदम स्तब्ध झाली. मला वाटलं, वाट देताहेत. पण लोक हात जोडून उभे होते. एका म्हातारीनं टोपलीतली झेंडूची फुलं माझ्या मुलीच्या अंगावर टाकली. कुणीतरी म्हणालं, "राम नाम सत्य है," आणि सगळा चौक म्हणाला. समोरून एक तिरडी चालली होती, तिच्यामागे जागा करून देत पोलिसानं आमची गाडी मणिकर्णिकेच्या रस्त्याला वळवली.

मी तिथंच थांबले. इतके लोक म्हणताहेत म्हणजे खरंच असेल, असं मला वाटलं. पंचा उचलून बघायचं धैर्य झालं नाही.

भावजींनी मागे वळून पाहिलं. दोन ढांगांत आले आणि पंचा ओढून फेकून दिला. शरदिनीचे ओठ निळसर झाले होते, पण तिनं उन्हानं डोळे मिचकावले.

"काशीत झाकल्या तोंडाचा अर्थ एकच, वहिनी," ते म्हणाले, आणि मग गाडीच्या साटीवर चढून ओरडले, "जियत हौ! जियत हौ, भइया! रस्ता छोड़ा!"

फुलं टाकणारी म्हातारी दचकली. "अरे, बिटिया जियत हौ!" ती किंचाळली. मग पानवाला, मग पोलीस, मग तिरडी वाहणाऱ्यांतलाही एकजण. त्या लोकांनी तिरडी कडेला घेतली! मेलेल्यानं जिवंताला वाट दिली. काशीत असं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. आणि ती आरोळी आमच्या पुढे धावू लागली. आम्ही एका दुकानाशी पोचायच्या आत चार दुकानं पुढचे लोक ओरडत होते, एक्के बाजूला होत होते, रस्त्यात बसलेला सांड कुणीतरी शेपूट पिळून उठवत होता. दोन चाकांची ती वाकडी गाडी, घामेजलेले बैल, आणि पुढे शहर दुभंगत चाललेलं. मी रडायचं विसरले. घाटावर सूर्य उगवताना लोक गप्प होतात ना, तशी मी धावता धावता आतून गप्प झाले.

सरकारी इस्पितळाच्या पायरीवर डॉक्टर बाह्या सरसावून उभे होते. "वही लड़की?" त्यांनी विचारलं. आरोळी आमच्याआधी पोचली होती.

सुई टोचली. उजाडेपर्यंत ती शिट्टी विरळ होत गेली आणि मग थांबली, आणि मी किंचाळले. तर नर्स म्हणाली, बाई, थांबला नाही, मोकळा झालाय श्वास.

मी भावजींना सांगायला बाहेर आले. पायरीवर कुणी नव्हतं. ते पोरीला आत दिल्याबरोबरच परतले होते. झिंगुरीची मोट विहिरीत होती, आणि गुरुवार लागल्यावर गाडी शाळेसमोर उभी पाहिजे, पुढच्या वाराचे बैल तिथंच यायचे. नंतर मी आभार मानू लागले तर म्हणाले, "झिंगुरीचे माना. त्याच्या निम्म्या काकड्या वाळल्या." मी गेले. झिंगुरीला माझं बोलणं कळेचना. "हमार बुध रहल," एवढंच म्हणाला. माझा बुधवार होता.

सासूबाईंनी त्यानंतर कासऱ्याचं नाव काढलं नाही. मंगळागौरीच्या देवळात ओटी भरली, आणि तेव्हापासून दर बुधवारी त्या जमुनीपूरला जाणाऱ्या माणसाबरोबर बैलांसाठी पेंड धाडतात. पेंड स्वतः निवडून घेतात, खडा लागतो म्हणून.

भावजी अजून तिथंच शिकवतात. पुढच्या दोन गावांनीही आपापल्या भिंतीवर वार लिहिलेत.

शरदिनी आता दहाची आहे. डास चावतात म्हणून डोक्यावरून चादर ओढून झोपते. मी लिहिता लिहिता उठून दोनदा ती खाली सरकवून आले.

"आई, सोने दो ना," ती झोपेतच चिडली.

चिडू दे. परत जाते.