झारीचा डिव्हायडर

कामावर त्याला सगळे झारी म्हणत. माल कुणीही कालवलेला असो, काँक्रीट ओतून झालं की त्याला पाणी मारायला हा हजर. सकाळी आला की आधी कालच्या कामाला पाणी, मग स्वतःच्या घशाला चहा. मुकादम वैतागायचा.

"अरे झारी, भिंत आहे ती, भाजी नाही. उगवायची नाही."

झारी गोणपाट ओलं करून काँक्रीटवर पसरायचा आणि आजारी माणसाला पांघरूण घालावं तशा त्याच्या कडा दाबायचा. त्यानं केलेलं काम खिळ्यालाही दाद देत नसे. आयुष्यात एवढंच बक्षीस त्याला मिळालं होतं, आणि तेही त्यानंच स्वतःला दिलेलं.

वस्तीसमोरच्या रस्त्याचा हमरस्ता करायचं ठरलं, तेव्हा वस्तीतल्या रिकाम्या हातांना काम मिळालं. झारीलाही मिळालं. रस्ता आला आणि त्याच्यामागून भरभराटही आली, यात खोटं काही नाही. फक्त ती पलीकडच्या बाजूला उतरली. इकडे नाला होता, तिकडे सपाट जमीन. तिकडे फळं निवडून खोक्यांत भरायची मोठी शेड उभी राहिली, ट्रकांचा तळ झाला, गॅरेजं निघाली. झारीची सासुरवाडी तिकडचीच. मेव्हण्यानं शेळ्या बांधायच्या जागेवर भाड्याच्या खोल्या काढल्या आणि पोट पुढे काढून चालायला लागला.

झारीच्या बायकोला शेडमध्ये काम लागलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिच्या नावानं पगार निघाला. रस्त्याच्या मधोमध छातीएवढा काँक्रीटचा डिव्हायडर होता, पण वस्तीसमोर हातगाडी जाईल इतकी जागा मोकळी सोडलेली होती. ती घरातून निघायची आणि झारीच्या हातातला चहा निवायच्या आत शेडच्या फाटकात पोचायची.

मग वरून हुकूम आला. गाड्यांचा वेग मोडतो, मोकळ्या जागा बुजवा.

मुकादमानं झारीला गाठलं. "तुझ्या दारासमोरचं काम आहे, तूच कर. वस्तीला बोगदा मंजूर झालाय. तोवर चार दिवस वळसा घाला."

"बोगदा कुठं?"

"इथंच की. नकाशात आहे."

"तुम्ही पाहिला नकाशा?"

"साहेबांनी पाहिलाय. आणि मी साहेबांना पाहिलंय. आणखी काय पाहिजे तुला?"

घरी बायको म्हणाली, "नाही म्हणा."

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी करेलच."

"मग करू दे दुसऱ्याला. वाईट तरी करील."

या बोलण्यात झारीला तेव्हा काही शहाणपण दिसलं नाही. त्यानं सळ्या दाट बांधल्या. खडी धुऊन घेतली. माल थोडाथोडा ओतून दर थर ठोकून बसवला. बाकीचे सावलीला गेले तरी हा पाणी मारत राहिला. आपल्या दारासमोरचं काम आहे, लोक नावं ठेवतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

बोगदा झाला, पण शेडच्या ट्रकांना सोयीचा पडेल असा, पार पुढच्या वळणापाशी. नकाशा बदलला म्हणे. बायकोचे गुडघे आधी कुरकुरायचे, ते आता ओरडायला लागले. शेडचं फाटक कुणासाठी थांबत नसे. उशीर झाला की दिवस बुडाला. एकदा शेजारणींनी तिला ढकलून डिव्हायडरवर चढवलं. वर बसल्यावर तिला ना इकडे उतरता येईना, ना तिकडे. दोन्ही अंगांनी ट्रक भोंगे वाजवत गेले. कसंबसं तिला खाली घेतलं, त्याच संध्याकाळी ती कपड्यांची पिशवी भरून भावाकडे गेली.

"कामाच्या दिवसांपुरतीच," ती म्हणाली. आधी दर रविवारी यायची. मग रविवारीही शेड चालू राहायला लागली.

"दाजी, तुम्हीही या की इकडं," मेव्हणा म्हणाला. "एक खोली रिकामीच आहे." जरा थांबून त्यानं पुढे जोडलं, "भाड्याचं आपण नंतर बघू."

झारी गेला नाही.

एव्हाना मागच्यापुढच्या वस्त्यांनी आपापली सोय पाहिली होती. तिथला डिव्हायडर घाईत उरकलेला, पाण्यावाचून वाळलेला. चार घावांत बिस्किटासारखा ढासळला. प्रत्येक वस्तीसमोर एकेक भगदाड; झारीच्या वस्तीला मात्र ती बोगद्याहूनही लांब. ते बघून झारीच्या वस्तीतलेही एका दुपारी घण घेऊन निघाले. आळीपाळीनं सगळ्यांनी हात मारून पाहिले. घण उसळून परत यायचा. नुसती धूळ निघे.

"काय रे झारी," सायकल दुरुस्तीवाल्यानं घाम पुसत विचारलं, "वस्तीसाठी बांधत होतास का तुरुंगासाठी?"

झारीनं त्याच्या हातातून घण घेतला. पलीकडे शेडमधून सुटलेल्या बायका येऊन उभ्या होत्या. त्यांत त्याची बायकोही होती. त्यानं सांध्यावर नेम धरला. कुठे मारायचं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण तो सांधाही त्यानंच भरलेला होता. एक कोपरा उडाला, आत सळई दिसली आणि घणाचा दांडा मोडला.

तेवढ्यात गस्तीची गाडी आली. लोक पांगले. मोडका दांडा घेऊन झारी तिथंच राहिला. गाडीतून मुकादम उतरला. आता दुरुस्तीचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं डिव्हायडरवरून हात फिरवला.

"नुसता ओरखडा. सगळाच असा असता, तर मला उन्हात हिंडावं लागलं नसतं." मग झारीकडे पाहिलं. "पुढची भगदाडं बुजवायचीत. उद्यापासून ये. नाही म्हणालास, तर घण कुणाच्या हातात होता ते मला सांगावं लागेल."

झारी गेला. पहिल्याच भगदाडापाशी त्यानं घमेल्यानं वाळू जास्त लोटली, सिमेंट हात राखून टाकलं, मधल्या सळ्या गाळल्या. माल ओतला, वरून थापी फिरवली आणि पाण्याची झारी पालथी घालून घरी आला. दुसऱ्या दिवशी पाणी मारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. असलं काम करताना आपला हात जराही अडखळला नाही, हे त्याला जास्त लागलं.

मुकादम खूश झाला. "आता कळलं तुला काम कसं उरकायचं. उगाच इतकी वर्षं घालवलीस."

पुढच्या सुट्टीला बायको आली, बोगद्यातून, गुडघे धरत. झारीनं चहा टाकला आणि तिला सगळं सांगितलं.

"पाणीच मारलं नाही?"

"नाही."

"म्हणजे ते पुन्हा फुटेल."

"हात लावला तरी."

ती गुडघे चोळत राहिली. दारातून डिव्हायडर दिसत होता, एक कोपरा उडालेला.

"दुसऱ्यांच्या बायकांसाठी बरं सुचलं तुम्हाला," ती म्हणाली.

वळसा लांबचा, म्हणून ती उजेड असतानाच निघाली. झारीनं स्वतःचा चहा ओतून घेतला आणि पेला हातात धरून दारात उभा राहिला. ती पलीकडे दिसेपर्यंत चहा पार गार होऊन गेला होता.