चाळीस मिनिटांचा थांबा

आमचे डॉक्टर शशिधर कधी खोटं बोलत नाहीत, असं साउथहॅम्प्टनमधला कुठलाही मराठी माणूस सांगेल. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल देतायत, पण त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. मी घेतली. मी त्यांची बायको आहे, तेवढा अधिकार मला आहेच.

मिरजेहून आले तेव्हा त्यांनी हॉस्पिटलला जायला एक जुनी सायकल घेतली होती. त्या सायकलीचं पुढे वेड झालं. आता त्यांची सायकल दिवाणखान्यात राहते आणि माझं शिलाई मशीन गॅरेजमध्ये. दरवर्षी जूनमध्ये आठवडाभर पोर्ट्समथहून फेरीबोटीने फ्रान्स गाठायचं आणि तिथल्या खेड्यापाड्यांतून सायकल मारायची, हे ठरलेलं. वर्षाचे उरलेले दिवस त्या आठवड्याची तयारी. रात्रीची जेवणं झाली की टॅब्लेटवर नकाशा उघडतो. कुठल्या रस्त्याला गाड्या कमी, कुठल्या गावातला पाववाला सोमवारी बंद, सगळं तोंडपाठ. घरी पाहुणा आला की त्याच्या हातात पोह्यांची बशी द्यायची आणि सांगायचं, "फ्रान्समध्ये पाणी विकत घेऊ नका. प्रत्येक गावाच्या दफनभूमीत नळ असतो." पाहुण्याचा घास तिथेच अडकतो.

माझा संशय सुरू झाला तो तीन वर्षांपूर्वी. त्याआधी ते त्यांचा मित्र पुष्कर आणि आणखी दोघांबरोबर जायचे. अचानक एकटे जायला लागले. म्हणे, "ते फार जोरात मारतात." पुष्कर जोरात? त्याला आमच्या गल्लीचं टोक गाठायला दोनदा पाणी लागतं. गणपतीत तोच मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, डॉक्टर आम्हाला अव्हॉइड का करतायत? काही चुकलं का आमचं?"

मग माझ्या लक्षात आलं की रस्तेही बदललेत. समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावरचे चढ मजा म्हणून दोन-दोनदा चढणारा हा माणूस आता नकाशावर सपाट, फार तर हलके चढउतार असलेले रस्ते शोधत होता. "या वयात निवांत जायचं गं. दोन्ही बाजूंना शेतं, गाई, शांतता." मी मान डोलावली. पण ज्याला चढ आवडतो तो सपाट रस्ता कुणासाठी शोधतो? जिला चढ झेपत नाही तिच्यासाठी. मला तर ती दिसायलाच लागली. गोरी, पन्नाशीची, सायकलला पुढे टोपली.

एप्रिलमधल्या एका रविवारी ते दूध आणायला गेले आणि टॅब्लेट टेबलावर उघडा राहिला. दुसऱ्याचं काही उघडून बघणं मला पटत नाही. तरी बघितलं. तिन्ही वर्षांच्या सफरी तिथे नोंदलेल्या होत्या. तिन्ही वर्षं एकच गाव वाटेत येत होतं आणि त्या गावाच्या दफनभूमीपाशी आमचे डॉक्टर थांबत होते. पहिल्या वर्षी बारा मिनिटं. दुसऱ्या वर्षी पंचवीस. गेल्या वर्षी चाळीस. दरवर्षी जास्त वेळ, म्हणजे प्रकरण वाढत चाललं होतं. तीस वर्षांचा संसार, आणि मला मात्र नळाच्या गोष्टी!

ते आले. मी चहा टाकला, कप पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "अहो, त्या गावात काय आहे?"

"कुठल्या?"

"ज्याचं नाव तुम्हालाही धड उच्चारता येत नाही. दरवर्षी थांबता ते."

"नळ आहे."

"बाटली भरायला चाळीस मिनिटं?"

"बाकही आहे. सावली असते."

"आणि बाकावर कोण असतं?"

ते हसले. मग हसणं थांबलं आणि ते कपाकडे बघत बसले. मी म्हटलं, सापडले! पुरावा नाकासमोर धरायचा म्हणून मी टॅब्लेट ओढला, तर बोट घसरलं आणि नकाशा वर सरकला.

नकाशाखाली आणखी तीन आलेख होते. चढाचा, वेगाचा आणि छातीला बांधलेल्या पट्ट्याने मोजलेल्या नाडीचा. मी नकाशाच्या खाली कधी गेलेच नव्हते. आणि मी कार्डिऑलॉजीत ईसीजी काढते, सव्वीस वर्षं.

गावाआधी एक चढ होता. भाजीची पिशवी घेऊन मीसुद्धा चढेन एवढाच. तिथे नाडी एकशे वीसवरून एकशे पंच्याहत्तर, मग शंभर, परत एकशे साठ, मुलाने पेन्सिल गिरगटावी तशी. गाव आलं, सायकल थांबली, तरी गिरगटणं चालूच. चाळीस मिनिटांनी रेघ एकदम सरळ. आधीच्या दोन वर्षांतही तेच, फक्त कमी वेळ. रोज मी अशा रेघा बघते आणि डॉक्टरांना हाक मारते. असं अनियमित हृदय रक्ताची गुठळी करतं आणि गुठळी मेंदूत जाते. हे मला कळतं. यांना माझ्याहून जास्त कळतं.

मी त्यांचं मनगट धरलं. आत्ता ठोके नीट होते.

"तीन वर्षं?" मी विचारलं.

"हो. त्या गावात कुणी नसतं. पहिल्यांदा दुसऱ्याच एका गावात, पाववाल्याच्या दुकानापाशी झालं, तर लोक ॲम्ब्युलन्स बोलवायला निघाले. त्या बाकावर आडवं पडता येतं. बरं वाटलं की निघतो."

"पुष्करला सांगितलं नाहीत?"

"तो तुला सांगेल."

मग हळूच म्हणाले, "नाना साठीला पडले." नाना म्हणजे माझे सासरे. मिरजेच्या घरात अर्धांगाचा झटका येऊन न्हाणीघरात पडले ते नऊ वर्षं अंथरुणात होते. शेवटी स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. यांना ऑगस्टमध्ये साठ होतील. "कुणी तपासलं की दुखण्याला नाव पडणार, अनुराधा. तोवर मी नुसता दमलेला माणूस आहे."

मला इतका राग आला की मी रडले. सोमवारी सकाळी आठला जीपीला, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावला आणि ते नको म्हणत असताना फोन त्यांच्या कानाला लावला.

गुरुवारी ते हॉस्पिटलातल्या माझ्या ईसीजीच्या खोलीत कॉटवर, शर्ट काढून, छताकडे बघत पडले होते. मी एकेक वायर चिकटवत होते. माझी बोटं थंड होती. यांनी ओळखलं.

"दहा सेकंद हलायचं नाही, बोलायचं नाही," मी रोज सगळ्यांना सांगते ते सांगितलं.

"तुला खरंच वाटलं, तिथे कुणी बाई असेल?"

"हो. आणि असती तर बरं झालं असतं. तिच्याशी मी भांडले असते."

ते हसले आणि कागदावरची रेघ हलली. मी कागद फाडून टोपलीत टाकला.

"गप्प पडा," मी म्हटलं, "परत काढते."