उन्हाची खोली

हिवाळ्यात आमच्या घरात ऊन येतं ते दोनच खोल्यांत, माझ्या आणि दादाच्या. दोन्ही शेजारी-शेजारी, दोन्हींच्या खिडक्या दक्षिणेला. दादा पुण्यात नोकरीला असतो. त्याच्या खोलीला कुलूप आणि चावी आईच्या कमरेला. मी गेल्या वर्षापासून घरूनच काम करते, त्यामुळे माझी खोली उघडी असते. उघडी म्हणजे सगळ्यांची.

माझ्या खिडकीत झाडं होती. मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली आणि एक जेड. त्याआधी मीही पुण्यातच नोकरीला होते. तिथली खोली सोडली तेव्हा जेडची कुंडी मी मांडीवर ठेवून आणली होती. हिवाळ्यात अशा झाडांचं फारसं काही करायचं नसतं. माती आतपर्यंत सुकली की मगच पाणी द्यायचं, पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, ऊन सरकेल तशी कुंडी सरकवायची. मला हे काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव चढेल म्हणून घरात भरून ठेवतात. दरवर्षी तो समोरच्या खोलीत असायचा. यंदा तिथे नवी फरशी बसवली आणि सोफा आणला, कारण मला पाहायला लोक येणार होते.

“यंदा कापूस हिच्या खोलीत भरू,” चहा पिता पिता बाबा आईला म्हणाले. मी तिथेच बसले होते.

“दादाची खोली रिकामी आहे,” मी म्हटलं.

“थो कधीबी येते.”

“संक्रांतीशिवाय येत नाही तो.”

“मंग संक्रांतीले काय कापसावर निजीन?” बाबा हसले. आईही हसली.

मला घरात वाद घालता येत नाही. शाळा इंग्रजी, घर वऱ्हाडी. मनातलं वाक्य जुळवून होईपर्यंत कप विसळायला गेलेले असतात. मी कुठे झोपू, हे विचारलं नाही. झाडं कुठे ठेवू, एवढंच विचारलं.

“काऊन व, झाडायलेबी खोली लागते का आता?” आई म्हणाली.

कापसाची गाठोडी घरात आली त्या दिवशी मी कुंड्या बाहेर काढत होते. आमच्या शेतात वेचणीला येणारी मावशी डोक्यावरचं गाठोडं टेकवून बघत राहिली.

“कायचे झाडं हायेत हे, ताई? फूल लागते?”

“नाही. लिलीला येतं कधीतरी.”

“फळ?”

“नाही.”

“मंग नुसते खातेत अन् खोलीत बसतेत,” ती म्हणाली. “सासरी असं नाही चालत बाई.” गाठोडी आणणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

संध्याकाळपर्यंत कापूस खिडकीच्या वर गेला. दव आत येऊ नये म्हणून खिडकी लावून फटींत कापड कोंबलं. पाण्याचा तांब्यासुद्धा त्या खोलीत न्यायचा नाही, ओल लागली की कापूस पिवळा पडतो. माझी गादी मधल्या खोलीत आईच्या शेजारी गेली आणि कुंड्या मागे, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीजवळ. जागा आईनेच निवडली. तिथे ऊब असते, थंडी लागणार नाही, असं तिचं म्हणणं. रोज सकाळी ती प्रत्येक कुंडीत तांब्याभर कोमट पाणी ओतायची.

“आई, पंधरा दिवसांतून एकदा पुरतं.”

“एवढ्या थंडीत उपाशी ठेवशीन का त्यायले?”

स्नेक प्लांट बुडातून मऊ पडला. हात लावला तर पान मुळासकट हातात आलं. लिली काळी पडली. मनीप्लांटच्या पानांवर धुराची काजळी बसली, मी रोज पुसायचे, तरी एकेक पान पिवळं होऊन गळत गेलं. मी आईकडे दादाच्या खोलीची चावी मागितली. “त्याच्या खोलीत माती नको नेऊ,” ती म्हणाली. पुन्हा मागितली तेव्हा म्हणाली, “पाहू.”

त्याच दिवसांत वडनेरकडचे पाहुणे आले. कापसातल्या किड्यांनी माझे हात खाजून लाल झाले होते, म्हणून मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला. नव्या सोफ्यावर त्यांनी माझं शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. मग बाबा त्यांना घर दाखवायला घेऊन गेले. माझ्या खोलीचं दार उघडून मुलाच्या वडिलांनी मूठभर कापूस घेतला, बोटांनी ओढून पाहिला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “माल चांगला हाय.” मला पाहायला त्यांना एवढा वेळ लागला नव्हता. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.

संक्रांतीला दादा आला. आंघोळीला मागे गेला आणि तिथूनच ओरडला, “हे झाड इथं काऊन ठेवलं व? मरून राह्यलं ना. माह्या खोलीत ठेव, तिथं ऊन येते.”

आई तिळाचे लाडू वळत होती. तिने मान वर केली नाही. “ठेव ना मंग,” ती म्हणाली. “म्या कधी नाही म्हटलं?”

तोवर एकटा जेड उरला होता, तोही अर्ध्याअधिक पानांशिवाय. नको, असं म्हणावंसं वाटलं. त्याच्या एका वाक्यावर मिळालेली जागा मला नको होती. पण ऊन मला नाही, झाडाला हवं होतं. मी काजळी पुसली आणि कुंडी त्याच्या खिडकीत नेऊन ठेवली. त्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर होती, टेबलावर काहीही नव्हतं आणि ऊन पार भिंतीपर्यंत गेलं होतं.

दादा परत गेला. खोलीला पुन्हा कुलूप लागलं. भाव अजून चढलेला नाही, कापूस माझ्याच खोलीत आहे. जेडला दोन नवी पानं आली आहेत. हिवाळ्यात त्याला पाणी कमीच लागतं, त्यामुळे चावी वारंवार मागावी लागत नाही. मागितली की आई म्हणते, “काय काम हाय तुह्यं तिथं?”

मी म्हणते, “पाणी.” ती कमरेची चावी काढून देते आणि मी बाहेर येईपर्यंत दारात उभी राहते.